वानगीचा तांदूळ

॥ श्री ॥

लोणावळे, ता. ३ नोव्हेंबर १९४१

तीर्थस्वरूप कोंडाजीभाऊ यांचे सेवेशी, धाकट्या महिपतीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक आहे. वहिनीने दिवाळीला बांधून दिलेल्या करंज्या वखारीतल्या हमालांनी माझ्याआधी संपवल्या. पुढच्या वेळी तिने दोन गाठोडी करावी, एक त्यांच्या नावाचे आणि एक माझ्या.

पत्राचे कारण मोठे आहे. आमच्या शेठकडे मुंबईचे एक व्यापारी येऊन गेले. त्यांचा माल आगबोटीने आफ्रिकेला जातो. आपल्या देशाची जी माणसे तिकडे जाऊन राहिली, ती चांगल्या तांदळाला आसुसली आहेत म्हणे. आजवर आपला आंबेमोहोर मुंबईला पोचला की दुसऱ्याच्या तांदळात मिसळतो, आणि तो कुठला म्हणून कोणी विचारत नाही. मी धीर करून म्हणालो, की आंदर मावळचा तांदूळ वेगळा भरा, गोणीवर मावळचे नाव छापा आणि मग बघा. शेठ हसले, पण मुंबईकर हसले नाहीत. ते म्हणाले, की आधी वानगी दाखव. ती पसंत पडली तर दर साली सगळ्या खोऱ्याचा तांदूळ ते आधीच ठरवून घेतील.

भाऊ, मी इतकी वर्षे इथे काटा धरतो आहे. माझ्या हाताखालून किती गोण्या गेल्या असतील, त्यांतली एकही आपल्या नावाने गेली नाही. एवढा मोठा शेतकऱ्यांचा देश, त्याने नुसते पिकवत राहावे आणि नाव दुसऱ्याने लावावे, हे मला खुपते. आपल्या सर्वांच्या वतीने मी शब्द दिला आहे. तो खाली पडू देऊ नका. गाडीवान हौशीराम इकडे येईल त्याच्याबरोबर पायलीभर तांदूळ पाठवावा.

वहिनीस नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

आपला,
महिपती

॥ श्री ॥

वडेश्वर, आंदर मावळ, कार्तिक वद्य अष्टमी

चि. महिपतीस कोंडाजीचा आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र ओटीवर मोठ्याने वाचले, ही माझी चूक झाली. वानगीचे काम तेव्हाच माझ्या हातातून गेले. तुझ्या वहिनीचे म्हणणे पडले, की परमुलखातलं माणूस आपल्या घरचं पयल्यांदा जेवणार, त्याच्या घासात खडा आला तर आपून तोंड कुटं लपवायचं.

मग तिने पाहुण्यांसाठी राखलेली कणगी उघडली. तीत गेल्या सालचे भात होते, झऱ्याखालच्या खाचरातले. ते घरीच उखळात कांडले, पाखडले, आणि शेजारच्या झुंबरकाकूला व आणखी दोघींना बोलावून एकेक दाणा निवडला. दाण्याचे टोक मोडलेले दिसले तरी तो बाजूला. मला सुपाजवळ फिरकू दिले नाही, माझ्या हाताला तंबाखूचा वास येतो म्हणे. बाहेर जाईल ते चांगले आणि कणी घरात, ही आपल्या आईची शिस्त तुझ्या वहिनीने, अंबूने, कधी मोडलेली नाही. तांदूळ उपरण्यात बांधून पाठवला आहे. गाठ सोडशील तेव्हा वखारभर वास सुटेल.

गावची मंडळी तयार आहेत. ठाकरवाडीचा शिदू मात्र विचारत होता, की समदा तांदूळ भाईर गेला तर आमी काय खायाचं. त्याची माणसे आपल्याकडे लावणी-कापणीला येतात आणि मजुरी धान्यात नेतात, हे तुला ठाऊकच आहे. मी त्याला सांगितले, की यंदा रोख पैसे घे, कामशेतच्या बाजारात रंगूनचा तांदूळ स्वस्त मिळतो. तो बरे म्हणाला. जाताना मात्र खळ्यापाशी जरा वेळ उभा राहिला.

प्रकृतीस जपावे. आठवण ठेवतोस तशीच ठेवावी.

कोंडाजी

॥ श्री ॥

लोणावळे, ता. २९ डिसेंबर १९४१

तीर्थस्वरूप भाऊंस शि. सा. न. वि. वि.

वानगी पसंत पडली. मुंबईकरांनी तांदूळ मुठीत घेऊन वास घेतला, मग शेठच्या घरी शिजवायला लावला. जेवताना त्यांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला. मी दाराशी उभा होतो, माझा जीव तेव्हा भांड्यात पडला. वानगीसारखा माल दिला तर सगळा उचलू, असा ठराव झाला आहे.

गोण्या छापून आल्या. त्यांवर निळ्या अक्षरांत ‘मावळ आंबेमोहोर’ असे आहे. एक गोणी मी खोलीवर आणून भिंतीला लावून ठेवली आणि येताजाता वाचतो. वहिनी हसेल, हसू दे.

नवे भात कामशेतच्या गिरणीत भरडून कान्हे स्टेशनातून रवाना करावे. रंगूनवर बॉम्ब पडल्याचे वर्तमानपत्रात आले आहे. शेठ म्हणतात, की तिकडचे तिकडे, आपली वाट आफ्रिकेची.

सर्वांस नमस्कार. माया वाढती राहो.

महिपती

॥ श्री ॥

लोणावळे, ता. ११ फेब्रुवारी १९४२

तीर्थस्वरूप भाऊंस शि. सा. न. वि. वि.

माल नापसंत झाला. मुंबईकर स्वतः आले होते. त्यांनी वानगी एका ताटात ओतली आणि आपल्या गोणीतला तांदूळ दुसऱ्या ताटात. भाऊ, मला शेजारी उभे केले होते. दोन्ही ताटे एका गावची आहेत असे मलाही म्हणवेना. एकात मोत्यासारखा जुना तांदूळ, आणि दुसऱ्यात नवा, गिरणीत तुटलेला, कणी आणि खडे मिसळलेला. त्यांनी मला विचारले, की फसवायला आणखी कोणी भेटले नाही काय. ठराव त्यांनी तिथेच मोडला. माल तुमच्या माणसांचा आहे, तो न्या किंवा पडेल त्या भावाने विका, असे शेठनी चारचौघांत सांगितले. सगळ्या गोण्या वखारीत पडून आहेत.

वानगी म्हणजे ढिगातली एक मूठ, एवढे तरी वहिनीला कोणी सांगायचे होते. तिला कोणी सांगितले होते कणगीतले जुने काढायला? खड्यासकट मूठभर पाठवली असती तर त्यांनी कमी भाव लावला असता, पण माझा शब्द राहिला असता. आता मावळचा माणूस वानगी एक दाखवतो आणि माल दुसरा देतो, हे मुंबईच्या बाजारात झाले. नाव व्हायचे होते ते असे झाले.

अधिक लिहवत नाही. रागात लिहिले आहे, तरी आपलेपणा तुटू देऊ नये.

महिपती

॥ श्री ॥

वडेश्वर, फाल्गुन शुद्ध पंचमी

चि. महिपतीस आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र मी या खेपेला मनातल्या मनात वाचले. पण तुझ्या वहिनीने माझे तोंड पाहून ओळखले आणि सगळे वाचून घेतले. ती रडली नाही. नंतर एवढेच म्हणाली, की मला वाटलं पाव्हणं जेवायला येत्यात, त्ये माप घ्यायला येत्यात ह्ये मला उमगलं न्हाई.

महिपती, तुझा राग मला समजतो, पण तिच्यावर काढलास ते मला लागले. तुलाही ती त्याच सुपातले निवडून वाढत आली आहे. वानगी कशाला म्हणतात हे मलाही ठाऊक होते. मी तिला अडवले नाही, कारण ती निवडत होती तेव्हा मला अभिमान वाटत होता.

आता तिने ठरवले आहे, की आपण बिघडवलं तर आपणच सावरायचं. दहाबारा बायका आपापली सुपे घेऊन कान्ह्याहून गाडीने लोणावळ्यास येत आहेत. वखारीच्या पडवीत बसून त्या सगळा माल निवडतील. नवा तांदूळ जुना करता येत नाही, पण खडा आणि कणी काढता येते. तेवढे झाल्यावर मुंबईकरांना एकदा दाखव. शेठला माझा नमस्कार सांगून परवानगी घे. शिदूची बायको सावित्राबाई बरोबर आहे. तिच्या घरी सध्या चूल रोज पेटत नाही, म्हणून अंबूने तिला कामाला घेतले. कामशेतच्या बाजारात रंगूनचा तांदूळ दिसेनासा झाला आहे.

वहिनी भेटेल तेव्हा आधी बोल. घरोबा आहे तसाच आहे.

कोंडाजी

॥ श्री ॥

लोणावळे, ता. १४ मार्च १९४२

तीर्थस्वरूप भाऊंस शि. सा. न. वि. वि.

वहिनी आली त्या दिवशी मी पाया पडलो. तिने फक्त विचारले, की जेवलास का.

बायका पडवीत बसल्या. दिवसभर सुपांचा आवाज, आणि हमालही हळू बोलायला लागले. सावित्राबाई वेगळी, पायरीशी बसे, पण तिचे सूप सर्वांत आधी रिकामे होई. एका बाजूला तांदूळ, एका बाजूला कणी आणि पायाशी खड्यांची रास. अर्ध्याहून अधिक माल असा निघाला आहे, की ताटात ओतून दाखवायला मला आता भीती वाटणार नाही.

आणि याच वेळी रंगून शत्रूच्या हाती पडले. मुंबईहून तारेवर तार येत आहे. सिलोन, एडन, आफ्रिका, सगळीकडे जाणारा ब्रह्मदेशी तांदूळ बंद झाला, तेव्हा मिळेल तो माल पाठवा, वानगी कोणी मागत नाही. शेठ म्हणाले, की निवडणे थांबवा, खड्यांसकट भरा, चढा भाव देतो. कणीसुद्धा विकली जाते आहे. वहिनीला हे सांगताना माझी मान वर होईना.

काल संध्याकाळी फाटकावर पहारेकऱ्याने सावित्राबाईला पदर सोडायला लावला. त्यात वहिनीने दिलेली ओंजळभर कणी होती. ती त्याने ढिगावर ओतली. वहिनी परत आत गेली, सूप भरून घेतले, त्याच्या देखत सावित्राबाईच्या पदरात घातले आणि तिला हाताला धरून बाहेर घेऊन गेली. मी शेठचा नोकर, काट्यापाशी उभा राहिलो. मला स्वतःची लाज वाटली.

भाऊ, मालगाडीचे डबे महिनाअखेरीस लागतील. माल आपला आहे, तुम्ही हो म्हणालात तर या निळ्या अक्षरांतून आपले नाव समुद्रापार जाईल. खरे सांगतो, मला ते अजून हवे आहे. पण माझ्या एकट्याने ठरत नाही. काय ते कळवावे. आशीर्वादात उणे करू नये.

महिपती

॥ श्री ॥

वडेश्वर, चैत्र शुद्ध षष्ठी

चि. महिपतीस आशीर्वाद. वि. वि.

पाडव्याला देवळात मंडळी जमली होती. तुझे पत्र वाचले. आधी शिदूकडचे सांगतो. ठाकरवाडीत कडू कंद राखेच्या पाण्यात उकळून खात आहेत. मजुरीचे रोख पैसे त्यांच्याजवळ आहेत, पण त्यांनी विकत घ्यायचे असे बाजारात काही नाही. मी त्यांना बाजार दाखवला होता. त्यांचे धान्य त्यांना धान्यातच द्यायचे होते.

सिलोनची माणसेही उपाशीच असतील. त्यांना तांदूळ जाऊ नये असे माझ्या मनात येत नाही, आणि बाहेर पाठवण्यात पाप आहे असेही नाही. तुझे म्हणणे बरोबर आहे, आपल्या मालाला आपले नाव मिळाले पाहिजे, आणि पुढेमागे ते मिळेल. पण ज्यांनी गुडघाभर चिखलात उभे राहून लावणी केली, त्यांना कंद खायला लावून ते नाव मला लावता येणार नाही. मंडळींचेही तेच मत पडले. चढा भाव ऐकून काहीजण आधी विकू म्हणत होते, ते मी लपवत नाही. शेवटी तेही हो म्हणाले.

ठराव मुंबईकरांनीच मोडला आहे, तेव्हा माल परत आणण्यात आपला शब्द जात नाही. तुझी नोकरी मात्र जाईल. म्हणून मी हुकूम करत नाही. तू जे करशील त्यावर घरात कोणी बोट ठेवणार नाही. दार उघडे आहे.

कोंडाजी

॥ श्री ॥

लोणावळे, ता. ६ एप्रिल १९४२

तीर्थस्वरूप भाऊंस शि. सा. न. वि. वि.

माल कान्ह्याला उतरून घेतलात आणि ठाकरवाडीला आधी पोचवलात, हे हौशीरामने सांगितले. शिदूने मोजून घेतला आणि जास्तीचा परत दिला, हेही सांगितले. बरे वाटले. शेठनी मला हिशेब करून मोकळे केले. रागावले, पण वाईट बोलले नाहीत. छापील गोण्या त्यांच्या पैशाच्या होत्या, म्हणून तांदूळ आपल्या जुन्या पोत्यांत भरून पाठवला होता, ते आपण पाहिलेच असेल.

खोली आवरून काल निघणार होतो. स्टेशनात मालाचे डबे भरत होते. पाहतो तो निळी अक्षरे. ‘मावळ आंबेमोहोर’, गोणीवर गोणी, सबंध डबा. एक गोणी उसवली होती. मी खाली बसून मूठभर दाणे हातात घेतले. जाडा, किडका तांदूळ, कुठल्या वखारीच्या तळचा कोण जाणे, आणि त्यात खडे. हमाल ओळखीचा होता. तो म्हणाला, की सिलोनला चाललाय. मी मास्तरांकडे गेलो, शेठकडे गेलो. शेठ म्हणाले, की गोण्या फुकट घालवू काय, आणि मावळ हे नाव तुझ्या एकट्याचे आहे काय. गाडी माझ्यासमोर घाटाकडे उतरली.

तिकडे कोणी तरी बाई तो तांदूळ सुपात घेऊन बसेल. खडे काढता काढता, हा कुठला म्हणून घरच्या माणसाला विचारील, आणि तो गोणीवरचे वाचून सांगेल.

हे पत्र आजच हौशीरामबरोबर पाठवतो, मी उद्याच्या गाडीने येतो. हे पत्र वहिनीसमोर वाचू नये.

महिपती