हिंगाच्या डबीतले पैसे

आई,

आज रविवार. सकाळी नळाला पाणी आलं, टाकी भरून घेतली. तुझ्या सुनेला लातूरला जायचं होतं म्हणून तिला नांदेडच्या स्टँडवर सोडून आलो. येऊन कपडे वाळत घातले, कालचा भात फोडणी देऊन खाल्ला. तेव्हापासून घरात नुसता फिरतोय. पंखा लावतो, बिल आठवतं, बंद करतो. संध्याकाळच्या बसनं ती परत येईल. एकटी येते की पोरीला बॅगेसकट घेऊन येते, ते मला अजून माहीत नाही.

तू तुझ्या नातीला पाहिलं नाहीस. ती आता आपल्या लातुरात असते, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासला. आपण राहायचो त्या डाळमिलमागच्या गल्लीपासून तिचं हॉस्टेल फार लांब नाही. तिची फी, हॉस्टेल, मेस, आणि इकडं या घराचा हप्ता. माझा पगार कारकुनाचा. कुणापुढं हात पसरायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणून खर्च कापायला बसलो. पेपर बंद. बाहेरचा चहा बंद. तुझ्या सुनेची शुक्रवारची शेवंतीची वेणी बंद. साजूक तूप बंद. रविवारी कोपऱ्यावरच्या गाड्यावर आम्ही तिघं मिरचीचे भजे खायचो, ते तर सगळ्यात आधी बंद. महिन्याचा हिशेब बसला. मला बरंही वाटलं. कुणी काही बोललं नाही. तुझी सून तर अजिबात नाही, आणि तेच मी होकार समजलो.

आज सकाळपासून तुझी पगाराची संध्याकाळ डोळ्यापुढं येतेय. अण्णा डाळमिलमध्ये वजनकाट्यावर कामाला होते. ते पैसे आणून तुझ्या हातात देतात, आणि भाडं, दूध, किराणा काढायच्या आधी तू थोडे पैसे हिंगाच्या रिकाम्या डबीत टाकतेस. "हे जिभेचे," म्हणतेस. त्यातून रविवारचे भजे, तुझं पान, कधीमधी अण्णांचा सिनेमा. डबीतलं दुसऱ्या कशाला काढायचं नाही, आणि डबी संपली की वरून घालायचं नाही. भजेवाल्याला नोटांचा वास ओळखू यायचा. "आल्या बघा हिंगाच्या नोटा. आता पिठात हिंग टाकायची गरजच न्हाई," असं तो म्हणायचा, आणि तू पदर तोंडाला लावून हसायचीस.

ते पैसे कशातून वाचायचे, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मिलमधून तू फुटकी डाळ आणायचीस. चाळणीखालचे तुकडे, कामगारांना स्वस्तात मिळायचे. शेजारच्या काकूंनी एकदा दारातच तुला गाठलं होतं. "काय वो वैनी, घरात फुटकी डाळ आन् वरून साजूक तूप! ही कुठली श्रीमंती?" तू निवडायचं थांबवलं नाहीस. "वरणात डाळ फुटतीच की वो काकू. आधीच फुटकी आणली तर ती काय रडती का?" त्या म्हणाल्या, "पाव्हण्याला कळलं तर?" तू म्हणालीस, "पाव्हण्याला तूप कळतंय. डाळीचा तुकडा कुणाच्या जिभेला कळलाय?" मी पायरीवर बसून गृहपाठ करत होतो. काकूंसमोर तू फुटकी डाळ अशी उघड सांगितलीस याची मला लाज वाटली, एवढंच माझ्या लक्षात राहिलं. बाकीचं ऐकूनही ऐकलं नव्हतं.

आणि ते एक वर्ष. तूर कमी आली होती, मिल बरेच दिवस बंद राहिली, अण्णांना अर्धाच पगार. मला वाटलं, आता डबी जाणार. तू डबीत थोडेसे का होईना, पण टाकलेस. तिघांत एक प्लेट सांगितलीस. मी मोठा झाल्यासारखा म्हणालो, "मला नको. माझ्या वाटचे वाचव." आई, तू हसशील असं मला वाटलं होतं. तू हातातलं भजं परत प्लेटमध्ये ठेवलंस. "तू सोडलंस तर मी कशी गिळू? घरात एकानं तोंड बांधलं की समद्यांच्या तोंडाची चव जाती. खा गुमान." मी खाल्लं. रस्त्यानं सगळ्यांच्या पुढं पुढं चालत घरी आलो. चांगलं वागून बोलणी खाल्ली, असं वाटत होतं.

दहा-बारा दिवसांपूर्वी पोरीला भेटायला लातूरला गेलो होतो. डबा दिला. ती वाळलेली दिसली. मी म्हणालो, "अभ्यासाचा ताण घेऊ नको." ती खिडकीकडं बघत म्हणाली, "अभ्यासाचा नाही, बाबा. संध्याकाळी मैत्रिणी चहाला जातात, मी खोलीत बसते. घरी तुम्ही चहासुद्धा सोडलाय, मग मी कशी पिऊ? आईच्या केसात फूल नाही, व्हिडिओ कॉलवर दिसतं मला. पुस्तक उघडलं की तेच दिसतं. मी घरीच येते. नांदेडात क्लास नाहीत का?" मी नेहमीचंच बोललो, तू काळजी करू नको. तेव्हा तिनं अट घातली. "मग दर रविवारी भजे खायचे आणि मला फोटो पाठवायचा. नाही पाठवला की मी बॅग भरणार."

मी काय केलं ते तुला सांगायला लाज वाटते. गेल्या रविवारी गाड्यावर गेलो. एका माणसानं गरम प्लेट घेतली होती. त्याला विचारून तिचा फोटो काढला, पाठवला, आणि तसाच घरी आलो. पैसे वाचले, अटही पाळली, असा माझा हिशेब. थोड्या वेळात फोन आला. "बाबा, तुम्ही अंगठी कधीपासून घालायला लागलात? तीही लाल खड्याची?" त्या माणसाचं बोट फोटोत आलं होतं. तिनं फोन ठेवला. आठवडाभर माझा फोन उचलला नाही. आज सकाळी स्टँडवर तुझी सून बसमध्ये चढताना म्हणाली, "उपाशी राहायचं नाटक तुमचं, आन् खाल्ल्याचं नाटकही तुमचंच. लेकीनं काय काय बघावं?" एवढं सलग ती बऱ्याच महिन्यांनी बोलली.

एवढं लिहिलं आणि पुढं काही सुचेना, म्हणून काय काय कापलं ते पुन्हा बघत बसलो. टीव्हीचं मोठं पॅकेज तसंच चालू आहे, घरात कुणी बघत नाही. जुन्या सिमकार्डाला रिचार्ज मारतोय, त्यावर कुणाचा फोन येत नाही. डाळ मॉलमधली, पाकिटातली, सगळ्यात भारी, कारण आपण आता डाळमिलवाल्या गल्लीतले नाही. जिथं चव लागत नाही तिथलं सगळं राहू दिलं, आणि जिथं लागते तेवढं नेमकं उचलून फेकलं. तुझ्या अगदी उलटं. पॅकेज बंद करून टाकलं. ते करतोय तोवर तुझ्या सुनेचा फोन. पोरगी शेजारीच असणार, आवाज दबका होता. "बॅग भरलीय. पण म्हणती, आज बाबा काय करतात ते बघते आधी." मी बरं म्हणालो. चप्पल घालायला मला उगाच वेळ लागला.

आत्ता जाऊन आलोय. गाड्यावर गर्दी होती. भजेवाला म्हणाला, "या साहेब. आज फोटो का प्लेट?" दोघं-तिघं हसले. मी म्हणालो, प्लेट. मिरची तिखट निघाली, डोळ्यात पाणी आलं, नाक वाहायला लागलं, आणि मी उभ्या उभ्या खात सुटलो. फोटो राहिला आहे हे प्लेट रिकामी झाल्यावर लक्षात आलं. मग दुसरी सांगितली. दोऱ्यानं बांधलेला घड्याळाचा पट्टा दिसेल असा हात प्लेटशेजारी धरला, फोटो पाठवला. तळणीतला घाणा निघाला, दुसरा पडला. मग तिचा निरोप आला. "हा हात तुमचाच. आई एकटी येतेय. मी खाली चहाला चाललेय."

हे कागद कुठं टाकायचे ते माहीत नाही. घडी करून शर्टाच्या खिशात ठेवतो, तेलाची बोटं लागलीच आहेत. स्टँडवर जायला अजून वेळ आहे, वाटेत शेवंती बघतो. एक मात्र तुलाच सांगतो, तुझ्या सुनेला सांगणार नाही. दुसरी प्लेट फोटोसाठी होती, असं मी भजेवाल्याला म्हणालो. फोटोसाठी नव्हती. फोटो गेल्यावर तिथंच बाकावर बसून ती सगळी एकट्यानं खाल्ली.