ताईच्या टेबलावरचे चार दिवस

प्रिय ताई,

एकाच घरात राहून तुला पत्र लिहितेय, कारण शुक्रवारपासून तू माझ्याशी चकार शब्द बोलली नाहीस. मी जेवायला बसले की तू ताट घेऊन उठतेस.

तुझा राग रास्त आहे. तू शब्द टाकलास म्हणून मला या इस्पितळात नोकरी लागली, आणि मीच भर बैठकीत तुला उघडं पाडलं. गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट यायला नऊ दिवस का लागतात, हे शोधायचं काम माझ्याकडे होतं. म्हणून गाठीचा तुकडा असलेल्या एका बाटलीच्या मागे मी पहिल्या खोलीपासून शेवटपर्यंत फिरले. काम किती वेळ, नुसतं ताटकळणं किती, हे भिंतीवरच्या लांब कागदावर मांडत गेले. खरं काम जेमतेम सात तासांचं निघालं. बाकी सगळं पडून राहणं, आणि त्यातले चार दिवस एकाच टेबलावर. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "हे टेबल कुणाचं?" तूच उभी राहिलीस. "माझं. मी बाटलीवरचा आणि फॉर्मवरचा प्रत्येक नंबर तीनदा ताडून बघते. का, ते सगळ्यांना ठाऊक आहे."

ठाऊक होतंच. तेरा वर्षांपूर्वी दोन बायकांच्या रिपोर्टांची अदलाबदल झाली, धडधाकट बाईचं ऑपरेशन झालं, आणि ठपका आला तुझ्यावर. तेव्हा तू किती दिवस अंथरुणातून उठली नव्हतीस, ते मी पाहिलंय.

सोमवारी तुझं टेबल मधून काढून टाकायचं ठरलं, तशी चूक आणखी कुठे होऊ शकते ते बघायला मी पुन्हा पहिल्या खोलीत जाऊन उभी राहिले. तिथे फॉर्मवर नंबर पडतो, पण बाटलीला लेबल लागतं पलीकडच्या खोलीत, चार-पाच बाटल्या साठल्यावर. काल माझ्या डोळ्यांदेखत नर्सचा हात भलत्याच बाटलीकडे गेला. मी ओरडलेच, "थांबा!" आणि मी तडक जुन्या नोंदवह्यांच्या खोलीत गेले.

तेरा वर्षांपूर्वीची ती तारीख सापडली. बाटल्या प्रयोगशाळेत आल्या आल्या, तुकडा काढताना बाटलीवर लिहिलेली बाजू बघून केलेली नोंद आहे. एका नंबरापुढे 'उजवी बाजू' लिहिलंय आणि त्याच नंबराच्या फॉर्मवर 'डावी'. दुसऱ्याचं नेमकं उलट. बाटल्या तुझ्याकडे येण्याआधीच लेबलांची अदलाबदल झाली होती, ताई. नंबर जुळतच होते; तू तीनशेदा ताडलं असतंस तरी तुला ते दिसलं नसतं.

डॉक्टरांना दोन्ही कागद दाखवले. उद्यापासून लेबल पेशंटसमोरच लागेल. पण हे पत्र त्यासाठी नाही. तोंडाने सांगायला गेले असते तर "जाऊ दे गं" म्हणत तू उठून गेली असतीस. नोंदवहीच्या पानाची प्रत सोबत ठेवलीय. दार लावून घे, सावकाश वाच. ती चूक तुझी नव्हती. कधीच नव्हती.

तुझीच,
धाकटी