कापड बोलतं

सोमवार

…पाणी भरून झालं होतं, भांडी पालथी घातली होती, आणि रंग उडू नये म्हणून ह्यांचा निळा शर्ट मी उलटा करून वाळत घालत होते. कॉलर सारखी करते आहे तोच शेजारीण धावत आली, ह्यांच्या गोदामाला आग लागलीय म्हणून. त्या सकाळपाशी माझं मन रोज एकदा जाऊन येतं. आज मात्र लवकर परत फिरलं. आजचा दिवस आनंदाचा आहे. मला काम लागलं.

धाकट्या नणंदेनं लावून दिलं. ह्यांच्या पाठची ती एकटी, आणि आता मलाही ती एकटीच. स्टेशनवर न्यायला आली, माझ्या हातून ट्रंक ओढून घेतली आणि म्हणाली, "वहिनी, दगड भरलेत का गं यात?" पुस्तकं होती. रद्दीवाल्याकडून वजनावर आणलेली. मी अक्षरं शिकले तीही रद्दीवरच. खोली लहान आहे, पण तिनं माझ्यासाठी खिडकीकडची बाजू मोकळी ठेवली आहे.

कारखान्यात आगीचे पडदे शिवतात. काचेच्या धाग्याचं राखाडी कापड, जड, हाताला खाजरं. मोठ्या इमारतींत जिन्यांची तोंडं असतात, दार नसलेल्या वाटा असतात. त्यांच्या डोक्यावर हा पडदा पेटीत गुंडाळून बसवतात. आग लागली की तो आपला आपण खाली येतो आणि आग, धूर पलीकडेच अडवतो. मुकादमानं पडदा सोडून दाखवला तेव्हा माझ्या मनात एकच आलं, गोदामात हा असता तर. नणंदेनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तिच्याही मनात तेच आलं असणार.

बुधवार

प्रत्येक नव्या पडद्याची परीक्षा होते. शेडच्या टोकाला विटांची एक खोली आहे, तिच्या तोंडावर पडदा लावतात. आधी नणंद आत जाते. पडदा खाली सोडला की ती अंधारात उभी राहून सुईच्या भोकांतून उजेड कुठे येतो ते बघते आणि तिथे लुकणाचा लगदा भरून भोक बुजवते. मग मागच्या लहान दारानं बाहेर पडून तशीच नळावर हात धुवायला जाते. तिचं झालं की धूरवाला नळीनं आत धूर सोडतो.

ती म्हणते, आतून अगदी चांदणं पडल्यासारखं दिसतं, आणि जिची शिवण वाईट तिचं आभाळ जास्त छान. एका बाईनं लगेच तोंड वाकडं केलं. बाकीच्या खूप हसल्या.

मला पडदा वर-खाली करायच्या बटणावर बसवलं आहे. परीक्षा संपेपर्यंत स्टुलावरून उठायचं नाही. म्हणून ही वही सोबत आणते. मुकादम काही म्हणत नाही.

शुक्रवार

आज खोलीत धूर भरला आणि पडद्याला आतून थाप पडली. उघड्या तळहाताची. मी काही विचार न करता बटण दाबलं. धूर सगळ्या शेडभर झाला, बायका खोकत बाहेर पळाल्या. आत कोणी नव्हतं.

धूरवाल्यानं समजावलं की कापड तापलं की बोलतं, दरवेळी बोलतं, नव्या माणसाला दचकायला होतं इतकंच. माझ्यामुळे सगळी परीक्षा पुन्हा झाली, सगळ्यांना थांबावं लागलं.

घरी येताना नणंद माझ्या पुढे भरभर चालत होती. खोलीत शिरल्यावर म्हणाली, "दादा गेला, वहिनी. तू जगातले सगळे पडदे उघडलेस तरी तो आत नसणार." मग रडली. मग माझे केस विंचरून दिले. तिनं मुकादमापाशी माझ्यासाठी शब्द टाकला होता, आता पुन्हा असं झालं तर दोघींना घरी बसवतील. थाप आली तरी उघडणार नाही असं तिनं माझ्याकडून वदवून घेतलं.

मंगळवार

थाप रोज येते. कोणी मान वर करत नाही. एक बाई म्हणते, आलं बोलायला. धूरवाल्यानं आज बाहेरून उलट थाप मारली आणि साखर किती टाकू म्हणून विचारलं. मीसुद्धा हसले. हात मांडीखाली दाबून बसते म्हणजे बटणाकडे जात नाही.

गुरुवार

माल आजच निघायचा आहे, सगळी घाई चालली आहे.

थाप येते आहे. आज जोरात. मी मुकादमाकडे पाहिलं. तो म्हणाला जाड कापड आहे, जास्त बोलणार.

अजून येते आहे. आता खाली, काठाच्या लोखंडी पट्टीशी. खरवडल्यासारखी. बायका चहा घेताहेत. नणंद नळावरून अजून आली नाही—

हात मांडीखाली आहेत. शब्द दिला आहे.

थांबली.

शुक्रवार

मागच्या दारातून धूर गळतो म्हणून मुकादमानं ते काल बाहेरून ठोकून टाकलं होतं. तिला कोणी सांगितलं नाही. ती बाहेर आली असेल असं धरून धूरवाल्यानं नळी उघडली.

पडदा चांगला निघाला. धूर जरासुद्धा बाहेर आला नाही. धुऊन, गुंडाळून, रात्रीच्या गाडीनं गेला.

चौकशीला माणसं आली. काही ऐकू आलं होतं का? सगळ्या नाही म्हणाल्या. मला विचारलं. मी म्हणाले, कापड बोलत होतं.

शनिवार

कामावर आले. बटणाशी बसले.

आत कोणी नाही. मी स्वतः जाऊन कोपरे चाचपून आले. धूरवाला आलेला नाही, नळी भिंतीला टांगलेली आहे. पडदा सोडला. कापड थंड. हात लावून पाहिला—

थाप.

आज कोणी हसत नाही. मुकादम म्हणतो, उघडायचं नाही—

पुन्हा. खाली, पट्टीशी. आणि आवाज. वहिनी—

मी बटण दाबलं.

वीतभर वर गेला आहे. खालून धूर येतोय. धूर आज कोणी सोडलाच—

बोटं. मी धरली आहेत. गरम आहेत—तिचीच—

मुकादम बटणावर—पट्टी खाली येते आहे—मी सोडणार ना—