पेजरवर यायची बातमी

३ ऑगस्ट २००३, रविवार
लहरीपुरा दरवाज्याशी पेजर मंडळाची बैठक. हजर: मी आणि उदयसिंहराव. इनकमिंग फुकट झाल्यापासून बाकीचे सगळे मोबाईलवाले. उदयसिंहरावांच्याही खिशात काहीतरी वाजलं. मुलाचा आहे, सांभाळायला दिलाय, म्हणाले. मग त्यावर स्वतःच बराच वेळ बोलले.

मला मोह नाही. लहानपणी गावात तार आली की न उघडताच रडारड व्हायची. पेजर कमरेला हळूच थरथरतो, चार शब्द सांगतो, गप्प बसतो. साधूसारखा.

संकल्प: लेक नलिनीच्या बाळंतपणाची बातमी पेजरवरच घ्यायची. बाळाला पहिलं मध-सोनं मीच चाटवायचं, असं तिनं कबूल केलंय.

७ ऑगस्ट
पेजर बरेच दिवस मुका. कंपनीच्या ऑफिसात गेलो. कुलूप. शेजारचा गुजराती झेरॉक्सवाला म्हणाला, "काका, ए लोको तो गया." जेवायला गेले असणार. (संध्याकाळचे पाच.)

१० ऑगस्ट
जावई धैर्यशील मोबाईल आणून देतो म्हणाले. नको म्हटलं. पेजरचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. "बाबा, तो लागतच नाही." तरुणांना धीर नाही. आनंदी म्हणाली, "त्या डबीशीच लग्न करायचं होतं." नवा सेल घातला.

१२ ऑगस्ट, सकाळ
नलिनीला कळा. फतेगंजच्या नर्सिंग होममध्ये गेलो. रेंज शोधत शोधत लेबर रूमच्या दारापर्यंत पोचलो, तेव्हा आनंदीनं घरी पिटाळलं. "देवापुढे बसा. आम्ही कळवतो."

दुपार
देवापुढे मधाची वाटी, सोन्याची अंगठी, मध्ये पेजर. घरच्या फोनचा रिसीव्हर काढून ठेवलाय. नाहीतर कुणीतरी आधीच फोन करून बातमी फोडायचं.

संध्याकाळ
काही नाही. विष्णुसहस्रनाम निम्म्यात विसरलो. पुन्हा पहिल्यापासून.

रात्र
काहीच नाही. पहिलटकरीण आहे, वेळ लागतो. पेजर हलवून पाहिला. विठ्ठला, आधी पोरीला सोडव. रेंजचं नंतर बघ.

१३ ऑगस्ट
सकाळी उदयसिंहराव खालून ओरडले, "अहो दत्ताजीराव, नात झाली काल! अख्ख्या मांडवीला माहीत, तुम्ही घरात शुं करो छो?" तुम्हाला कुणी सांगितलं, विचारलं. "जावयांनी, मोबाईलवर. तुमचा फोन सारखा एंगेज!" नलिनी सुखरूप. देवाला हात जोडले आणि तिथेच बसलो.

रिक्षानं फतेगंज. दारात व्याही मानसिंगराव पेढे वाटत होते. "फार वाट पाहिली हो तुमची. शेवटी मीच चाटवलं." त्यांना पेजरची तांत्रिक अडचण समजावून सांगितली. त्यांनी मला आणखी एक पेढा दिला.

आत निघालो, तर नर्सनं अडवलं. "दादा तो आवी गया. तमे कोण?"

दादा म्हणजे बापाकडचे आजोबा. मी नाना, म्हटलं. आईचे वडील.

"तो चार वाग्ये आवजो."

बाहेर बाकावर ताठ बसलो. चारला पहिला आत मीच जाणार होतो. पण कालचं जागरण. जरा डोळा लागला. उठलो तेव्हा भेटायची वेळ संपली होती.