मच्छरदाणीतलं डांगर

२ ऑक्टोबर

भोपळ्याच्या वेलाला पहिलं फूल आलं! पिवळंधमक, तळहाताएवढं. चहा गॅसवर तसाच ठेवून मागच्या अंगणात धावले. दीपक म्हणाला, "आपली पोरगी झाली तेव्हाही घरात एवढा आरडाओरडा नव्हता."

यंदा चर्चच्या कापणीच्या सणाला माझंच डांगर भाव खाणार. प्रत्येकाने आपल्या दारचं पहिलं फळ वेदीपुढे ठेवायचं, उपासना झाली की लिलाव, पैसा चर्चला. मागच्या वर्षी सावित्रीबाईंच्या डांगरावर सगळे तुटून पडले आणि माझी वांगी शेवटी पाळकसाहेबांनीच दया येऊन घेतली! देवाच्या घरी चढाओढ नसावी, मान्य. पण ती वांगी फार लागली मनाला.

फळमाशीचा भरवसा नाही. जुन्या मच्छरदाण्या जोडून अख्खा वेल झाकला, कडेने विटा लावल्या. आता मुंगीही शिरणार नाही.

४ ऑक्टोबर

संध्याकाळच्या प्रार्थनेत निकिताने आजही तोंड उघडलं नाही. लहानपणी हीच पोरगी गल्लीतल्या कुत्र्यासकट सगळ्यांची नावं घ्यायची, जेवण गार होईपर्यंत. अकरावीत गेली आणि गप्प. मग मीच केली— प्रभू, निकिताला सुबुद्धी दे, तिला मोबाईलपासून दूर ठेव, तिची उलट उत्तरं बंद कर. चांगली लांबलचक केली. आमेन म्हणायच्या आत ही उठून चालती झाली!

भीती वाटते. पोरीचा विश्वासच उडाला असेल तर? दीपक म्हणतो, वय आहे. त्याला कधी काही दिसतच नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीच्या सुट्टीत तरुण संघाचं शिबिर, इगतपुरीला. निकिताला जायचंय. मी नाही म्हटलं. घरात प्रार्थनेला तोंड उघडत नाही, तिथे जाऊन काय दिवे लावणार? शिवाय तिकडची थंडी, कोण कुठली मुलं. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

८ ऑक्टोबर

बोराएवढी डांगरं दिसत होती, आज हात लावला तर पिवळी पडून हातात आली. खत घातलं, ताक शिंपडलं. वेलावर हात ठेवून प्रार्थनासुद्धा केली.

९ ऑक्टोबर

आणखी गळाली. जेवले नाही.

११ ऑक्टोबर

निकिता कपडे वाळत घालायला मागे आली, वेलाकडे बघत राहिली आणि एकदम हसायलाच लागली. "आई, मधमाशी आत येणार कुठून?"

म्हणजे?

"अगं, या फुलातले पराग त्या फुलात नेणार कोण? तू तर सगळ्यांनाच बंदी केलीयेस!"

बाहेरून मधमाश्या मच्छरदाणीवर धडका देत होत्या, बिचाऱ्या. इतकी वर्षं बागेत हात काळे करते, पण हे डोक्यात आलं नाही! माशी नको म्हणून फळच होऊ दिलं नाही मी. आम्ही दोघी हसून हसून विटांवर बसलो. मग कात्री आणली आणि मच्छरदाणी उभी फाडली.

फाडता फाडता निकिताकडे लक्ष गेलं. मीच म्हटलं— जा इगतपुरीला, पण स्वेटर ने. तिने गळ्यात हात टाकले. मी मात्र आतून घाबरलेलीच.

१६ ऑक्टोबर

धरलं! एक धरलं!

२४ ऑक्टोबर

निकिता गेली. बसमध्ये चढताक्षणी गाणी सुरू, आईला हात करायचाही विसर पडला. घर फार मोठं वाटतंय. सारखा फोन उचलत होते, शेवटी दीपकने तो फ्रिजवर नेऊन ठेवला.

२७ ऑक्टोबर

आली. आवाज बसलाय, केसांना शेकोटीचा वास. काय शिकलीस, विचारलं नाही. जीभ चावून बसले. संध्याकाळी प्रार्थनेत पुन्हा गप्प.

२३ नोव्हेंबर, रविवार

सण! माझं डांगर अजून हिरवटच, एका अंगाला चपटं, वर माशीचा डाग. सावित्रीबाईंचं हे एवढं! लाजत लाजत वेदीपुढे ठेवलं. लिलावात माझ्या डांगरावर बोली सुरू झाली, तर सावित्रीबाईच हट्टाला पेटल्या. "डाग पडलाय ना? मग गोडच असणार. द्या मला!" पाळकसाहेबांना म्हणावं लागलं, बाई, आता पुरे. मी डोळे पुसेपर्यंत हसले. त्या बाईबद्दल किती वाईटसाईट मनात धरलं होतं मी!

२४ नोव्हेंबर

आज राहवलं नाही. प्रार्थनेला बसताना विचारलंच— निकू, तू प्रार्थना करतच नाहीस का गं?

"रोज करते. गच्चीवर, एकटी." मग हळूच म्हणाली, "इथे नको वाटतं. तू प्रभूशी बोलतच नाहीस आई, मला रागावतेस."

दीपक खाली मान घालून हसत होता. मी डोळे मिटले. पहिल्यांदाच तिचं नाव न घेता "प्रभू, मला..." म्हटलं आणि पुढे शब्दच सुचेना. निकिताने माझा हात धरला, आणि उरलेली प्रार्थना तिने केली.