अंड्यांच्या जागी लिंबं

कॅम्प, बेळगाव
३ ऑगस्ट २०२५

ती. त्रिशला आत्या हिस,
विनयचा सा. न. आणि जय जिनेंद्र. वि. वि.

आयुष्यात मी लिहिलेलं हे पहिलं पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतल्या बाईंनी कुठल्या परीक्षेचा फॉर्म आहे म्हणून विचारलं. आत्याला पत्र लिहायचंय म्हटल्यावर त्यांनी आत्याची तब्येत विचारली. बस्तीत देवापुढे, महाराजांसमोर दिवाळीपर्यंत फोनला हात न लावण्याचा नियम तू घेतलास, त्याला माझा आदरच आहे. फक्त माझी बी.कॉम.ची पहिली सहामाही नेमकी या चातुर्मासात आली, आणि आपल्या अख्ख्या घराण्यात गणित येणारी तू एकटीच.

आप्पाची अट तुला ठाऊक आहे. पीयूसीच्या बारावीला मी एकदा आपटलो, तेव्हापासून त्याचा शिक्षणावरचा विश्वास उडालाय. निघताना त्यानं स्वच्छ सांगितलं की दिवाळीआधीच्या चाचणीत अकाउंट्स आणि स्टॅटिस्टिक्स सुटलं तर शीक, न्हायतर पाडव्यापासून दुकानात बसायचं. आत्या, मला त्या दुकानात बसायचं नाही. तूरडाळीचा भाव सांगत म्हातारं व्हायचं, या विचारानं मला झोप येत नाही.

मोबाइलवर विचारून बघितलं. तो एकाच गणिताची तीन उत्तरं देतो, आणि तिन्ही फार नम्रपणे. म्हणून सोबत दोन गणितं पाठवतोय. एक तीस अंड्यांच्या ट्रेचं. त्यांत सहा नासकी. डोळे मिटून दोन उचलली तर दोन्ही चांगली निघण्याची शक्यता किती. दुसरं कारवारच्या मासळी व्यापाऱ्याच्या नफ्यातोट्याचं. दोन्ही घरून सोडवून आणायची आहेत आणि त्यांचे गुण चाचणीत धरतात.

गणितं पाठवली तरी माया आटू देऊ नये, एवढंच मागणं.

तुझा,
विनय

*

निपाणी
९ ऑगस्ट २०२५

चि. विनय यास,
आत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पाकिटात मुंग्या शिरल्या असं वाटून त्यांना जपून बाहेर काढायला गेले, तर ते तुझं अक्षर निघालं. चौतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं, पण असे आकडे पाहिले नव्हते.

बाबा रे, मी चातुर्मासात घरात कांदासुद्धा येऊ देत नाही. तू पोस्टानं तीस अंडी पाठवलीस, त्यांतली सहा नासकी, आणि वर मासळीची टोपली. बस्तीतून येऊन पाकीट फोडलं आणि परत अंघोळ करावी की काय, या विचारात बसले. शेवटी मार्ग काढला. अंड्यांच्या जागी मी लिंबं घेतलीत आणि मासळीच्या जागी गूळ. मासळी कुजली असं जिथं आहे तिथं गूळ पाघळला असं लिहिलंय. उत्तर तेच येतं. लिंबांचं एकशेपंचेचाळिसात ब्याण्णव, म्हणजे शंभरात त्रेसष्टच्या थोडं वर. ट्रेमध्ये काय आहे याच्याशी गणिताला देणंघेणं नसतं, मला आहे.

तर वहीत उतरवताना तुझी अंडी आणि तुझी मासळी तू परत घाल. हे वाक्य दोनदा वाच. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून गणितं वेगळ्या कागदावर आणि सूचना पत्रात लिहिलीय, गोंधळ नको.

तुझा बाप तवनाप्पा ठीक आहे. दुकानात बसून तुझी वाट बघतो आणि बघत नाही असं दाखवतो. जेवण वेळेवर कर.

आशीर्वाद आहेतच, ते अभ्यासाच्या ऐवजी वापरू नयेत.

तुझी,
आत्या

*

कॅम्प, बेळगाव
२१ ऑगस्ट २०२५

ती. आत्या हिस,
विनयचा सा. न. वि. वि.

गणितं मिळाली. आत्या, तू थोर आहेस. तुझा कागद मी वर्गातल्या मुलांना दाखवला, तर त्यांनी फोटोच काढून घेतले. दुपारपर्यंत तो आमच्या अख्ख्या वर्गाच्या ग्रुपवर फिरला. तीस जणांनी वह्या दिल्यासुद्धा. निपाणीला फोन न वापरता तू बेळगावात एवढी पसरलीस, याचं सगळ्यांना कौतुक आहे.

ऋतिका म्हणून सांबऱ्याची एक मुलगी आहे, तिनं तेवढा फोटो घेतला नाही. स्वतः सोडवते म्हणाली. असतात अशीही माणसं.

सोबत एक गणित साईराजचं आहे. साईराज येळ्ळूरचा, बी.एस्सी.ला आहे, रोज बसनं येतो आणि येताना माझ्यासाठी घरची भाकरी आणतो. भाकरीला नाही म्हणता येत नाही, म्हणून गणिताला हो म्हणालो. झाडावर माकड बसलंय. शिकारी बरोबर माकडावर नेम धरून गोळी झाडतो, त्याच क्षणी माकड फांदी सोडतं. गोळी लागेल का, आणि का, असा प्रश्न आहे. साईराजनं सांगायला सांगितलंय की आत्याबाईंचे उपकार लई मोठे हैत.

माझ्या मित्रांचा भार पडला तरी लोभ हलका होऊ नये.

तुझा,
विनय

*

निपाणी
२६ ऑगस्ट २०२५

चि. विनय यास,
अ. उ. आ.

भाकरीच्या बदल्यात आत्या विकायची कल्पना चांगली आहे. तू व्यापाऱ्याचाच मुलगा, यात आता शंका उरली नाही. दुकानात बसायला का नको म्हणतोस, तेच कळेना.

दोन दिवसांत पर्युषण सुरू होतंय, घरात दहा दिवसांचे उपासतापास, आणि तू मला माकडाला गोळी घालायला सांगतोस. ती मी घातलेली नाही. माझ्या कागदावर माणूस माकडाच्या दिशेनं पेरू फेकतो. पेरू सुटल्या क्षणापासून पेरू आणि माकड दोघंही पृथ्वीच्या ओढीनं सारखंच खाली येतात, म्हणून माकड जमिनीवर पोचायच्या आत पेरू बरोबर त्याच्या हातात पडतो. सगळी समीकरणं तीच आहेत, फक्त शेवटी सगळे जिवंत राहतात. साईराजला म्हणावं, हवी तर बंदूक त्यानं परत घ्यावी.

मागची अंडी परत घातलीस ना? तुझ्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. तीस जणांनी वह्या दिल्या हे वाचून आनंद व्हायच्या ऐवजी मी तुझ्या पत्रात अंडी शोधत बसले. सांबऱ्याच्या त्या मुलीला माझा आशीर्वाद सांग. तुला या वेळी देत नाही, तुझ्याकडे आधीचे शिल्लक असतील.

कळावे, काळजी मिटेल असं काहीतरी लवकर लिहावे.

तुझी,
आत्या

*

कॅम्प, बेळगाव
१३ सप्टेंबर २०२५

ती. आत्या हिस,
विनयचा सा. न. वि. वि.

काळजी मिटेल असं काही नाही.

तुझं ते वाक्य पत्रात होतं आणि फोटो गणिताच्या कागदाचे निघाले. पत्र मी वाचलं होतं, पण आशीर्वादापर्यंत पोचायच्या घाईत. परिणाम असा की आमच्या स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमना तीस वह्यांत तीस लिंबं मिळाली. अंडी फक्त ऋतिकाच्या वहीत. मॅडमनी वर्गात विचारलं की पोल्ट्री फार्मवर लिंबं कोण घालतं.

अकाउंट्सचं त्याहून वाईट. मुलांनी निम्मं प्रश्नातून उतरवलं आणि निम्मं तुझ्या कागदावरून. त्यामुळे कारवारच्या त्या माणसानं गूळ घेतला, जाळी घेतली आणि गुळासाठी महिनाभर बर्फही घेतला. बर्फाचा खर्च कशासाठी, असं सरांनी मलाच उभं करून विचारलं. गूळ पाघळू नये म्हणून, असं मी सांगून टाकलं. ते सांगायला नको होतं.

त्यात साईराजच्या वर्गात अकरा वह्यांत माकडानं पेरू खाल्ला. त्याच्या सरांनी लाल शाईनं लिहिलंय की शिकाऱ्यानं मांसाहार कधी सोडला. दोन्हीकडचे सर आणि मॅडम स्टाफरूममध्ये चहाला भेटले, आणि लिंबू, गूळ, पेरू एका बैठकीत जमले. साईराजला बोलावलं. त्यानं पहिल्याच प्रश्नाला सांगितलं की ही निपाणीची पद्धत हाय.

आता सगळ्यांना शून्य. घरून आणायच्या वह्या बंद. दसऱ्याच्या आधी दोन्ही विषयांची चाचणी वर्गात बसून होणार, फोन बाहेर ठेवून, आणि तेवढेच गुण धरणार. म्हणजे आप्पाची अट आता त्या दोन तासांवर आली. आत्या, मला खरंच काही येत नाही. आजवर कळल्यासारखं वाटायचं, ते तुझं अक्षर वाचता येत होतं म्हणून.

घसाऱ्याचं एक गणित पाठवतोय, हे सर हमखास घालतात. एक ऑक्टोबरला एक लाख वीस हजारांची पिठाची गिरणी घेतली, दर साल दहा टक्के घसारा, पहिल्या आर्थिक वर्षाचा किती. हे शेवटचं. आप्पाला काही सांगू नकोस.

लोभाची लायकी उरली नाही, तरी असू द्यावा.

तुझा,
विनय

*

निपाणी
१८ सप्टेंबर २०२५

चि. विनय यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून मी आधी हसले, मग चिडले, मग गुळावरचा बर्फ आठवून परत हसले. शेजारच्या गुणाबाई भिंतीपलीकडून विचारत होत्या की बरं न्हाय का. चाळीस-बेचाळीस मुलांत एकाला शंका आली नाही की बंदूकवाला पेरू का फेकतोय. देशाचं भवितव्य सुरक्षित आहे.

आता नीट ऐक. काही येत नाही असं तू लिहिलंस, ते तुझ्या सगळ्या पत्रांतलं पहिलं खरं वाक्य, आणि तिथूनच शिकायला सुरुवात होते. मी तुला उत्तरं पाठवत राहिले, कारण मला बरं वाटत होतं. नोकरी संपल्यापासून मला कोणी गणित विचारलं नव्हतं. दुपारी पोस्टमन यायच्या वेळेला मी दारात बसायला लागले होते. त्या नादात तुझं नुकसान झालं.

घसाऱ्याचं उत्तर सोबत आहे, पण वेगळ्या लहान पाकिटात, खळ लावून चिकटवलेलं. आधी तू सोडव. सोडवून खाली तारीख घाल, मग पाकीट फोड. आधी फोडलंस तर मला कळणार नाही, तुला कळेल. सांबऱ्याच्या मुलीकडे जाऊन बस. फोटो मागू नकोस, गणित कसं वाचायचं ते विचार. लाज वाटली तर वाटू दे.

तवनाप्पाला मी काही सांगितलेलं नाही. अख्ख्या निपाणीत खोटं न बोलता गप्प बसणं कसं जमवायचं, हे मी या चातुर्मासात शिकले.

आशीर्वाद या वेळी भरपूर, लागतील तेवढे घे.

तुझी,
आत्या

*

कॅम्प, बेळगाव
६ ऑक्टोबर २०२५

ती. आत्या हिस,
विनयचा सा. न. वि. वि.

आधी निकाल. तिसांपैकी अकाउंट्सला एकवीस, स्टॅटिस्टिक्सला सतरा. दोन्ही सुटले. हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं आणि खोलीत एक फेरी मारली.

ऋतिकाकडे गेलो. तिनं पहिल्या दिवशी एकही गणित सोडवू दिलं नाही, नुसते प्रश्न मोठ्यानं वाचायला लावले, वाचनालयात, सगळ्यांसमोर. प्रत्येक शब्दाला विचारायची की हा इथं कशाला आहे. तुझं आणि तिचं जमेल.

आता जे लिहायला मी भीत होतो ते. घसाऱ्याचं गणित मी सोडवलं, तारीख घातली, पाकीट फोडलं. माझं उत्तर सहा हजार आलं होतं. तुझं एक हजार. मी परत केलं, परत सहा. रात्रभर वाटत राहिलं की आत्या चुकणार नाही, मीच कुठंतरी माती खाल्लीय. कुणाला विचारलं नाही.

चाचणीत तसंच गणित आलं, फक्त गिरणीच्या जागी झेरॉक्स मशीन. तुझ्या रीतीनं करावं की माझ्या, यात माझा पाव तास गेला. शेवटी प्रश्न ऋतिकासारखा शब्दाशब्दानं वाचला. त्यात आर्थिक वर्ष लिहिलं होतं. ऑक्टोबर ते मार्च, सहा महिने. मी माझ्या रीतीनं केलं, आणि ते बरोबर निघालं.

आत्या, रागावू नकोस. तुझं कसं चुकलं हे मला कळत नाही, माझीच काही समजूत कमी असेल.

लोभ आहे तसाच राहावा, या वेळी जरा भीतच मागतो.

तुझा,
विनय

*

निपाणी
११ ऑक्टोबर २०२५

चि. विनय यास,
आत्याचे अ. उ. आ.

समजूत तुझी कमी नाही. मी चुकले.

हे सरळ कळलं नाही. तुझं पत्र वाचून मी चष्मा पुसला आणि गणित परत केलं, परत हजारच. मग तडक दुकानात गेले आणि तवनाप्पाला विचारलं. त्यानं डाळ मोजता मोजता सांगितलं की आक्काचंच बरोबर हाय, दिवाळीला वही बदलते, गिरणी महिनाभरच वापरली की. तवनाप्पा माझ्या बाजूनं बोलला, तेव्हाच मला शंका आली. आपल्या घरात वर्ष पाडव्याला सुरू होतं, लहानपणापासून मी त्याच्या बाहेरचं वर्ष बघितलं नाही. प्रश्नात आर्थिक वर्ष लिहिलेलं असून मी दिवाळीपर्यंत मोजलं. दुकानाचा कर भरणारा वकील मार्चला धावपळ करत येतो, तो तवनाप्पाला दर वर्षी पाहुणाच वाटतो.

शिकवायला लागल्यापासून पोरांच्या चुका मी काढल्या. माझी चूक काढणारा पोरगा आज पहिल्यांदा भेटला, तोही घरचा. वाईट वाटलं, आणि इतकं बरं वाटलं की परत येताना गुणाबाईंना रस्त्यात थांबवून सांगितलं. त्यांना घसारा म्हणजे काय ते समजावण्यात संध्याकाळ झाली.

मग तुझी अट. तवनाप्पाला मी दुकानातच निकाल सांगितला, आणि लिंबांपासून बर्फापर्यंत सगळं सांगितलं. तो हसला नाही. मी म्हटलं, दुकानाला दुसरा माणूस बघ. हा पोरगा माझ्या चुका काढतो, तुझ्या वहीला बसवलास तर पाडव्याच्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर तुझी अब्रू जाईल. त्यानं तराजू खाली ठेवला. मग आतून एक नवी गादी घेऊन आला. पाडव्याला तुला बसवायचं म्हणून गणेशचतुर्थीतच शिवून ठेवली होती, कुणाला न सांगता. लाल खोळ, चांगला सावरीचा कापूस.

ती त्यानं सुतळीनं बांधून पुढच्या शनिवारच्या बेळगावच्या गाडीत घालायला सांगितलीय. खोलीत पोरगं फरशीवर बसून लिहितंय, पाठ धरंल, एवढंच म्हणाला आणि डाळीच्या पोत्याकडे वळला. स्टँडवर जाऊन उतरवून घे.

बसायला जागा झाली, आता उठू नकोस.

तुझी,
त्रिशला आत्या