अण्णांची डावी सीट

ती. दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गाडीखाली वाकून कंबर धरल्यामुळे सध्या पाचच अंगांनी होतो, उरलेली तीन अंगं बरी झाली की मागाहून पाठवतो.) वहिनींचा गुडघा कसा आहे? तुझा रक्तदाब विचारत नाही. हे पत्र वाचून जो होईल तोच खरा धरू.

तर वार्ता अशी, की अण्णांची गाडी चालू झाली. तीच, विलायती, दोन सीटांची, कापडी टपाची, लांब नाकाची. जिच्या इंजिनावरून तुम्हा बापलेकांचं वाजलं आणि तू बॅग उचललीस. तू म्हणायचास, इंजिन मेलंय, नवं घाला. ते म्हणायचे, माझ्या गाडीच्या छातीत परक्याचं काळीज नको. दोघेही इतके तत्त्वनिष्ठ, की गाडी गॅरेजात गंजली आणि तू त्यांच्या आजारपणातही फिरकला नाहीस. (हा टोमणा नाही, संदर्भ आहे. टोमणे पुढे येतील.) ते गेल्यावर मी तुझं ऐकलं. नवं इंजिन, पाच गिअरांचा डबा, चारी चाकांना डिस्क ब्रेक, एका बोटाने फिरणारं स्टिअरिंग. बाहेरून तोच बाटलीहिरवा रंग, तीच तारांची चाकं. मिस्त्रीने वर सीटबेल्टही लावले, आणि माणूस बेल्टाशिवाय बसला तर किणकिणणारी एक घंटा. जन्मभर पोरांना संस्कृत शिकवताना सांगत आलो, की देह बदलतो, आत्मा तोच राहतो. इथे देह तोच ठेवून आत्मा बदलला; जुना कुठे गेला, हे विचारायचं राहून गेलं.

पहिल्याच सकाळी एकटा निघालो आणि घंटा वाजली. माझा बेल्ट लावलेला होता. दिवा लागला होता डाव्या सीटचा. रिकाम्या सीटला बेल्ट लावला, घंटा गप्प. मिस्त्रीने सीटखालची वजन ओळखणारी गादी बदलली, मग वायर बदलली, मग माझ्याकडे संशयाने पाहिलं. शेवटी लॅपटॉप जोडला, तर पडद्यावर ब्याऐंशी किलो. "सर, कुणीतरी चांगला खात्यापित्या घरचा बसलाय," म्हणून तो हसला. मी हसलो नाही, तसा तोही थांबला. अण्णांचं चांगल्या दिवसांतलं वजन तुला ठाऊक आहे. त्याला मी सांगितलेलं नव्हतं. तीच गादी त्याने स्वतःच्या गाडीत लावून पाहिली. तिथे शून्य.

हे घरी सांगितलं, ही माझी चूक. तुझी भावजय गॅरेजात आली, डावं दार उघडून उभी राहिली. बस म्हटलं तर म्हणते, "मामंजींच्या मांडीवर? शोभेल का मला?" तेव्हापासून ती बाजारात बसने जाते. मी निघालो की सीटकडे बघून "जाऊन या हं" म्हणते, आणि मला नुसतं "लवकर या". थोरली आत्या मात्र कुणाला भीत नाही. तिने वाकून सीटला दटावलं, "ए, सरक जरा," आणि बसली. कोपऱ्यापर्यंत फेरी मारून उतरली, पातळ झटकलं आणि म्हणाली, "अजून तस्साच आहे मेला. इंचभर हलत नाही."

हसू नकोस. अण्णा आपल्याला गाडी शिकवायचे ते आठव: डावीकडे बसून, तिथे नसलेला ब्रेक उजव्या पायाने दाबत. जुन्या गालिच्याला त्या जागी भोक पडलं होतं. नवा गालिचा अगदी कोरा. त्याच जागी आता टाचेएवढं टक्कल पडतंय. मी वळण जोरात घेतलं की वाढतं. (तू चालवायचास तेव्हा मात्र ते पाय दुमडून निवांत बसायचे. मी सीटांमागच्या सामानाच्या फळीवर घडी होऊन सगळं पाहायचो. हा पहिला टोमणा.)

आणखी एक गोष्ट. आकडा उतरतोय. मध्यंतरी सत्तर होता, परवा पन्नाशीच्या आत. मिस्त्री खूश आहे, म्हणतो, "फॉल्ट आपोआप जातोय, सर." मला तो उतार ओळखीचा वाटला. दवाखान्यातल्या काट्यावर मी तो आधी पाहिलाय. तू नाही पाहिलास. (हा दुसरा. संपले.) आता कधीकधी निघताना घंटा वाजतच नाही, पुढे कुठेतरी वळणावर एकदा क्षीण किणकिणते, जणू इतका वेळ डोळा लागला होता.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. बाकी इकडे सर्व क्षेम, म्हणजे जेवढे आहोत तेवढे.

तुझा,
धाकटा

ता. क. भूतबाधा वगैरे मनात आणू नकोस. गादीत ओल शिरली असेल आणि ती वाळते तसा आकडा उतरतो, असं मिस्त्रीचं अनुमान आहे. तर्काला धरून आहे, मी मान्य केलंय.

ता. क. तरी रविवारी ये. गाडी तू चालव. तुझं इंजिन चालतं का, हे बघायला ते बसलेत, आणि चालवतोय मी, म्हणून त्यांचा पाय ब्रेकवरून निघत नाही. ओल फार दिवस टिकेलसं दिसत नाही.

ता. क. माझी काळजी नको. मी फळीवर घडी होईन. तीन अंगं तशीही तुझी बाकी आहेत.

(पाकिटाच्या पाठीवर) टपालपेटीकडे गाडीनेच निघालो. आज वळणावरसुद्धा घंटा वाजली नाही, म्हणून कडेला थांबलो. मग मोठ्याने म्हटलं, "दादाला बोलावतोय." वाजली. बेल्ट लावून दिलाय.